भरलेली टाच

माणसाला स्वतःची टाच मागून दिसत नाही. आरशात तोंड दिसतं, मान वाकडी केली तर थोडी पाठही दिसते. पण पोटरीतून उतरून टाचेच्या हाडाला जाऊन मिळणारी ती घोट्यामागची उभी शीर बघायची तर दुसऱ्याचे डोळे लागतात. आमचे हे होते तोवर मला ते डोळे होते. मी पुढे चालायचे आणि हे मागून म्हणायचे, "तुझ्या टाचा पैलवानाच्या आहेत. पुढच्या जन्मी तालमीत जा." शाळामास्तर माणूस, चेष्टा केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. ते गेले आणि माझ्या टाचांकडे बघणारं कोणी उरलं नाही. मूलबाळ नाही. वसमतच्या या दोन खोल्यांत मी एकटी राहते. एकटं राहण्याची सवय होते असं लोक सांगतात, पण सांगणाऱ्यांच्या घरात बहुधा चार माणसं असतात.

दुखणं सुरू झालं ते कारकुनीतून निवृत्त झाल्यावर. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेमागून अशी कळ यायची की भिंत धरूनच मोरीपर्यंत जावं लागायचं. थोडं चाललं की पाय सैल व्हायचा, पण बसून उठलं की पुन्हा पहिले पाढे. मागे पट्टा असलेल्या चपलेचा पट्टा टाचेवर बसेना, घासून लाल व्हायचं. शेजारीण म्हणाली वय झालंय, भाजीवाली म्हणाली वात आहे. मी दोघींचंही ऐकून घेतलं, कारण विचारणाऱ्या त्या दोघीच होत्या. घरी आलं की हे सगळं यांच्या फोटोला सांगायचे आणि उलट चेष्टा आली नाही म्हणून फोटोवरच रागवायचे.

टाच दुखते म्हणजे काय होतं, हे मला खरं तर इतरांच्या आधी कळायला हवं होतं. कारण आमच्या माहेरी टाचेला जितका मान होता तितका माणसांनाही नव्हता.

माहेर डोंगरकडा गावाच्या पलीकडे, सडकेपासून थोडं आत. गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि त्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या भावकीकडे आहे. गाभाऱ्यात पिंडीच्या वर साखळीने तांब्याची गळती टांगलेली असते. बुडाला बारीक भोक असलेलं हे भांडं, त्यातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहतं. आमच्याकडची गळती कुठल्या पूर्वजाने एवढ्या उंच टांगली देव जाणे, पण ती भरायची तर ओल्या दगडावर अनवाणी चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि घागर अलगद कलती करायची. वडील हे रोज पहाटे करायचे. श्रावणात तर दिवसभर.

पूजा करणारा गेला की ती पुढे कोणाला द्यायची, याची आमची एक रीत होती. थोरला-धाकटा बघत नसत, की मंत्र किती पाठ आहेत तेही नाही. तेराव्यानंतर भावकीतला सगळ्यांत म्हातारा माणूस ओसरीवर बसायचा आणि घरातले जाणते पुरुष त्याच्यासमोर पाठमोरे उभे राहायचे. म्हातारा वाकून एकेकाची टाचेमागची शीर चिमटीत धरून बघायचा. ज्याची शीर जाड आणि गाठाळ, त्याची 'टाच भरली' म्हणायचं. पूजा त्याची. गळती भरायला मजबूत टाच लागते, म्हणून महादेव ज्याला निवडतो त्याची टाच आधीच भरून ठेवतो, अशी समजूत. आणि भरल्या टाचेचा माणूस फार वर्षं राहत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचंही दुःख नव्हतं, उलट मानच होता. देव आपल्या माणसाला लवकर बोलावतो म्हणायचे.

वडील देवळाच्या पायरीवर गेले, हातात तांब्या होता. पन्नाशी उलटली नव्हती. त्यांच्यामागे चुलतभाऊ आणि माझा भाऊ असे दोघे ओसरीवर उभे राहिले आणि माझ्या भावाची टाच भरलेली निघाली. तोही पन्नाशीच्या आतच गेला. हळद विकून परत येताना वारंगा फाट्यावर चहाला थांबला होता, बाकड्यावर बसल्या बसल्याच गेला. मौतीला आलेले लोक म्हणत होते, नशीबवान माणूस, तकलीफ झाली नाही. मला तेव्हा सगळ्यांचा इतका राग आला होता की मी कोणाशी बोलले नाही. पण राग नेमका कशाचा ते मलाही सांगता आलं नसतं.

माझी स्वतःची टाच भरलेली आहे हे मला पंचविशीतच कळलं होतं. दिवाळीला माहेरी गेले होते, भावाला तेल-उटणं लावताना त्याची शीर हाताला लागली. मग मागच्या दाराशी बसून मी माझी चाचपली. तशीच होती, बोटाएवढी जाड. मला वेड्यासारखा आनंद झाला. स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिने मान वरसुद्धा केली नाही.

"पोरीची टाच कोन बघतंय," ती म्हणाली. "सासरी बोलू नको म्हंजे झालं."

ते मी कोणाला बोलले नाही. यांनी पुढे आपणहून बघितली आणि पैलवान ठरवून टाकलं, तेवढीच तिची दखल.

तर अशी ती टाच घेऊन मी मागच्या हिवाळ्यात वसमतच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी मला पालथं झोपायला सांगितलं, पाय कॉटच्या कडेबाहेर. दोन्ही टाचा दाबून बघितल्या. मग माझ्या हाताच्या बोटांचे सांधे बघितले, बुबुळाभोवतीची पांढुरकी कडा बघितली. मला वाटलं, आता मोठ्या शहरात पाठवतात. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"घरात कोणी कमी वयात हार्टने गेलंय का?"

मी म्हटलं, "टाच दुखतेय हो माझी."

"टाचेचंच विचारतेय," त्या म्हणाल्या.

रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल इतकं निघालं की बाईंनी दुसऱ्यांदा तपासून घेतलं. मी वाळकी बाई, तूप भाताला लावण्यापुरतं, तळलेलं सणावारी. म्हणजे खाण्यातलं नाही हे, त्या म्हणाल्या, रक्तातच आलंय, आईकडून किंवा वडिलांकडून. जन्मापासून आहे. मग त्यांनी एका कागदावर टाचेचं चित्र काढून समजावलं. आपण शीर म्हणतो ती शीर नव्हे, स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी आहे. बारीक धाग्यांची, एका दिशेने घट्ट विणलेली. ते धागे विणणाऱ्या आणि तुटले तर सांधणाऱ्या पेशी त्या दोरीतच राहतात. रक्तात कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ते झिरपून दोरीत शिरतं. तिथल्या पेशी ते गिळत जातात, फुगतात, आजूबाजूला सूज धरते. विणणाऱ्या पेशींचं कामात लक्ष राहत नाही. धागे वेडेवाकडे पडतात, झिजलेले सांधले जात नाहीत आणि मधल्या जागेत नुसता भराव साचतो.

"म्हणून जाड दिसते," बाई म्हणाल्या. "पण ती मजबूत नाही, कच्ची झालेली असते. जोरात ताण पडला तर तुटूही शकते. आणि जे टाचेत साचतं तेच हृदयाच्या नळ्यांतही साचत असतं. टाच निदान हाताला लागते."

मी त्या कागदाकडे बघत बसले. ओसरीवरचा म्हातारा, पाठमोरे उभे पुरुष, चिमटीत धरलेली शीर. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही घरातला सगळ्यांत आजारी माणूस निवडून काढत होतो, त्याला ओल्या दगडावर चवड्यांवर उभं करत होतो आणि तो गेला की देवाने नेला म्हणत होतो. चुलतभावाची टाच भरली नव्हती. तो आज सत्तरीला टेकलाय आणि पारावर बसून सगळ्यांना अक्कल शिकवतो.

"यावर औषध आहे?" मी विचारलं.

"गोळी आहे. रोज एक. आधीपासून घेतली असती तर..." असं म्हणून त्या थांबल्या, आणि थांबल्या तेच बरं झालं.

मला घरी यायला रिक्षा मिळत होती, पण मी चालत आले. दुखत होतं तरी चालत आले. माझ्या भावाचा मुलगा डोळ्यांसमोरून हलेना. चाळिशी गाठत आलेला. त्याची टाच भरलेली, पूजा त्याच्याकडे. त्याने रक्त तपासावं आणि गोळी सुरू करावी, एवढंच मला हवं होतं. तो माझ्या भावाच्या वयाकडे निघाला होता आणि हे ठाऊक असलेली जगात मी एकटी होते.

दुसऱ्याच दिवशी निघाले. वारंगा फाट्याला एसटी बदलून, पुढे काळी-पिवळीत कोंबून घेऊन माहेरी पोचले. भाचा ओसरीवरच होता. त्याची बायको माहेरी गेलेली, वहिनी चुलीपाशी, आणि त्याची दहा वर्षांची मुलगी खांबाला टेकून अभ्यास करत होती. मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. माहेरी गेले की माझी जीभही माहेरची होते, तशा बोलीत सगळं सांगितलं. भाचा हसत हसत ऐकत होता, मग हसायचा थांबला.

"आत्या, तुमची टाच दुखून राहिली तर दवा घ्या," तो म्हणाला. "पन आमच्या टाचेला काहून बिमारी म्हनून राहिल्यात तुमी?"

"तुला कळ येत न्हाई का गळती भरताना?"

"येती की. बाबाला बी यायची. सेवेची कळ हाय म्हनायचे ते."

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, चवड्यावर उभं राहू नका. न्हाईच जमलं तर स्टूल घ्या."

आता वहिनी बाहेर आल्या. "महादेवाच्या डोक्यावर स्टूल मांडायचं?" त्या म्हणाल्या. "ताई, ह्या टाचेवर पूजा आली घरात. चुलतघरचे अजून टपून हाईत. टाच म्हंजे बिमारी, असं गावात झालं तर उद्याच म्हनतील, आजारी मानूस गाभाऱ्यात काहून."

"आन् पोरगं गेलं तर?"

"महादेव हाय बघायला."

"माझ्या भावाच्या येळंला बी होता," मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं असं नाही, पण वहिनींसमोर बोलायला नको होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. भाचा उठून देवळाकडे निघून गेला. मुलगी तेवढी माझ्याकडे बघत होती. मग तीही वहीत डोकं घालून बसली. कोणी भांडलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. मला जेवायलाही वाढलं. पण त्या घरात मी आता बाहेरून आलेली बाई होते, देवाच्या देण्याला नावं ठेवायला आलेली.

परत येताना वारंगा फाट्यावर एसटी यायला खूप वेळ लागला. भाऊ गेला ती टपरी अजून तिथेच आहे, बाकडं मात्र बदललंय. मी त्या बाकड्यावर बसून चहा घेतला. माणसं येत होती, चहा पिऊन जात होती. कोणाला सांगावं तर काय सांगावं. मला रडू आलं आणि डोळे मी पदराने पुसले नाहीत, कारण बघत कोण होतं.

मग नुसते दिवस. मी गोळी घेत होते, सकाळी टॉवेल पायात अडकवून बाईंनी शिकवलेला व्यायाम करत होते, टाच थोडी बरी वाटत होती. भाच्याला फोन लावला की तो उचलायचा नाही, उचलला तर रेंज नाही म्हणून ठेवायचा. एकदा मुलीने उचलला. "बाबा देवळात हाईत," म्हणाली. पाय कसा आहे बाबांचा, विचारलं. "लंगडत्यात," ती म्हणाली आणि मागून वहिनींचा आवाज आल्यावर फोन बंद झाला. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच यायचा, की आज फोन आला तर तो कसला असेल.

हळदीचा हंगाम आला. वसमतची हवा पिवळी होते त्या दिवसांत, कपडे वाळत घातले तरी वास बसतो. भाचा बाजार समितीत हळद घेऊन आला आणि वहिनींनी दिलेलं पिठलं-भाकरीचं गाठोडं द्यायला माझ्याकडे उतरला. भांडण झालं तरी आमच्याकडे गाठोडं चुकत नाही. तो दारातूनच वाकला नमस्काराला. पाय ओढत होता ते मी आधीच बघितलं होतं.

"थांब," मी म्हटलं. "तसाच बस खाली. हात मागं ने."

"काय?"

"माझी टाच धर. मागून."

"आत्या, काहून असं..."

"धर म्हनते."

आमच्याकडे टाच धरायची ती म्हाताऱ्याने जवानाची, पुरुषाने पुरुषाची. बाईची टाच आजवर कोणी धरलेली नव्हती. त्याला ते किती अवघड झालं ते मला दिसत होतं. पण आत्या एकटी आहे, तिचं मन मोडू नये, एवढ्यासाठी म्हणून त्याने दोन बोटं माझ्या घोट्यामागे नेली. आणि त्याचा हात तिथेच राहिला. लहानपणापासून भाऊ जाईपर्यंत रोज रात्री बापाचे पाय याच पोराने चेपले होते. त्या हाताला ओळख लागायला वेळ लागला नाही.

"आत्या," तो म्हणाला, "हे तर बाबाचं हाय."

"मी कवा गळती भरली रे?" मी विचारलं. "उंबऱ्याच्या आत तरी कोनी येऊ दिलं का मला?"

एक हात माझ्या टाचेवर होता, दुसरा त्याने हळूच स्वतःच्या टाचेवर नेला.

"म्हंजे ही सेवेची न्हाई?"

"न्हाई. रक्तातली हाय. तुझ्या आज्याची तुझ्या बापाला आली, तशी मला आली. रक्त पोरगा-पोरगी बघत न्हाई."

त्याने हात काढून घेतला, टेम्पोवाला थांबलाय म्हणाला आणि चहा न घेताच गेला. मी दोन कप ठेवले होते. दोन्ही गार झाले.

चार-आठ दिवस काही नाही. मग एका संध्याकाळी फोन.

"आत्या, ते रक्त द्यायला उपाशीपोटी यावं लागतं का?"

"व्हय," मी म्हटलं.

"पानी चालतं?"

"चालतं."

"लेकराला बी उपाशी ठिवायचं का?"

मुलीबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. ते त्याचं त्यानेच धरलं होतं.

दोघं पहिल्या एसटीने आली. सकाळची गळती पहिल्यांदाच चुलतघरच्या पोराकडून भरून घेतली होती, आणि वहिनी अबोला धरून बसल्या होत्या. मुलीने सुई टोचताना डोळे मिटले, पण रडली नाही. रिपोर्ट यायला वेळ होता, तोवर दोघं माझ्याकडे जेवली. ही दोन खोल्यांची रिकामी जागा त्या दिवशी पहिल्यांदा भरल्यासारखी वाटली. दुपारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भाच्याचं रक्त माझ्यासारखंच निघालं. त्याला आजच गोळी सुरू, हृदयाची तपासणी नांदेडला, स्टूल तर घ्यायचंच. हे ऐकून तो मान हलवत राहिला. मग बाईंनी दुसरा रिपोर्ट उघडला आणि मुलीचंही तेच होतं.

भाच्याचा चेहरा उतरला. बाई घाईघाईने सांगू लागल्या, की लवकर कळलं हे फार चांगलं झालं, आतापासून सांभाळलं तर हिची टाच कदाचित भरणारही नाही, हृदयही नीट राहील, ही सगळं आयुष्य नीट जगेल. मुलगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "हिच्याआधी घरात कोणाकोणाला आहे?"

आमच्या घरात असं विचारलं की गाभाऱ्यात उभ्या राहिलेल्या पुरुषांपासून सुरुवात होते. बाप, आजा, पणजा. भाच्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही आमच्या आत्यावर गेली," तो म्हणाला.

लेकराला आजार आहे हे ऐकून आनंद व्हावा असं काळीज कोणाचं नसतं, माझंही नाही. पण तिथे बसून मला हुंदका आला तो निव्वळ दुःखाचा नव्हता. त्या घरात कोणीतरी माझ्यावर गेलं होतं.